विहिणींवरचं गाणं

हर्षला सकाळपासून गाणं पुटपुटत फिरत होती. चुलतबहीण नम्रताचं लग्न लागलं, आता पळसदरीहून आलेल्या नवऱ्याकडच्या बायका पंगतीला बसणार आणि त्यांची नावं घालून चिडवायचं गाणं म्हणायचं, ते हर्षलानं. आजवर हा मान सोनुबाईचा, तिच्या पणजीचा. ती गेल्या चैत्रात गेली. वर्ष सरलं तेव्हा कुठं हे लग्न काढलं.

बाई कसली, वादळच! शहाण्णव वर्षं जगली. पोरवयात जांभळांची पाटी डोक्यावर घेऊन माथेरान चढायची आणि उतरताना गार्डाचा डोळा चुकवून गाडीला लटकायची. नव्वदीत फुगडी घालून दोन सुनांना घेरी आणली. पत्त्यांत लबाडी करायची आणि पकडली तर वर तोंड करून भांडायची. आणि तिच्या जागी आज कोण? तर चारचौघांत नाव विचारलं तरी घाम फुटणारी हर्षला!

गाणं तोंडपाठ होतं. फक्त विहिणीचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव जागच्या जागी घालायचं. नावं वनिताकाकूनं उतरवून दिली होती, नवरदेवाच्या थोरल्या भावाच्या सात वर्षांपूर्वीच्या लग्नपत्रिकेतून.

"चुकू नको गं बाय," काकू कानाशी लागली. "माणसं मानी हायत. काय वाकडं झालं तर आपल्या नमीला जन्मभर ऐकावं लागंल."

झालं! होता नव्हता तो धीरही गेला.

पंगत बसली. पहिल्या दोन विहिणी खळखळून हसल्या, तसा हर्षलाचा आवाज चढला. तिसरी होती नवरदेवाची आत्या.

"मांडवात बसली आनंदीबाय,
किती लाडू खाल्ले, मोजत नाय!
हिरू तिचा गेला माथेरानी,
घोड्यावर बसवली दुसरीच राणी!"

कुणीच हसलं नाही. आनंदीबाईनं हातातला घास पानात परत ठेवला.

"अगं, हिरूभाऊंना जाऊन चार वर्षं झाली," शेजारची बाई दबक्या आवाजात म्हणाली.

पणजी प्रत्येक लग्नात पाहुण्यांच्या आधी मांडवात हजर असायची. येईल त्या बाईला पान लावून द्यायची आणि गप्पा मारत बसायची. म्हातारीला चकाट्या पिटायची हौस, असंच हर्षला समजत आली होती. आता तिच्या डोक्यात उजेड पडला. कुणाकडे माणूस गेलं, कोण रुसलंय, कुणाचं दुखणं ताजं आहे, हे सगळं म्हातारी काढून घेत होती आणि तेवढी नावं टाळत होती. गाणं शिकवलं, हे सांगायचं राहूनच गेलं.

पलीकडे पुरुषांचं बोलणं थांबलं. खुर्चीवर बसलेली नम्रता मुंडावळ्या बाजूला सारून बघत होती, तिचं तोंड एवढंसं झालं होतं. काकूनं तर कपाळावरच हात मारला.

हर्षला तशीच पुढं झाली आणि आनंदीबाईच्या पानासमोर वाकली. "आत्या, चुकलं माझं. मला ठाव नव्हतं. मला काय बोलायचं ते बोला, पन नमीवर राग धरू नका."

आनंदीबाई मान वर करीना.

"पुढचं म्हण," आनंदीबाई म्हणाली.

"आं?"

"राणीला घोड्यावर बसवली, मग फुडं काय झालं?" तिनं वर पाहिलं. डोळे भरले होते. "चार वर्षं झाली गं. यांचं नाव निघालं का समदी रडाया लागतात, मग मला बी रडावं लागतं. लई हसवायचे ते. कुनालाच आठवत नाय. म्हण, थांबू नको."

पणजीचं नाव निघाल्यावर हर्षलानं तरी वर्षभर रडण्यावाचून दुसरं काय केलं होतं? म्हातारीचा एक तरी वात्रटपणा कुणाला हसून सांगितला होता का?

फाटक्या आवाजात तिनं पुढचं म्हटलं. घोड्यानं हिरूला लाल मातीत आपटलं, राणी पळाली, हिरू लंगडत घरी आला. आनंदीबाईला हसता हसता ठसका लागला. पदरानं डोळे पुसत ती शेजारणीला म्हणाली, "अगदी अस्सेच पडले असते बघ ते!"