तिच्यात काय कमी आहे

सुयोग चौतीस वर्षांचा होता. जन्मताना गुदमरल्यामुळे त्याच्या हातापायांवर कायमचा परिणाम झाला होता. तो झोकांड्या खात चालायचा आणि बोलताना शब्द एकमेकांत अडकायचे. बुद्धीला काही झालेलं नव्हतं; पण ते कळायला थोडा वेळ थांबावं लागायचं, आणि सहसा कुणी थांबत नसे.

विलेपार्ल्याच्या एका छापखान्यात तो कॉम्प्युटरवर पत्रिका आणि पत्रकं तयार करायचा. गिऱ्हाईक आलं की मालक सुयोगचं बोलणं समजावून सांगायचे. घरी हे काम त्याची आई प्रेमा आणि धाकटा भाऊ निलेश करायचे. मग सुयोगने बोलणंच कमी केलं. आई त्याच्यासाठी स्थळं बघत होती. फोनवर ती सांगायची, "मुलगी कशीही असू दे, आमची काही अट नाही." तो शेजारच्याच खोलीत असायचा.

शीतल घाटकोपरला राहायची आणि पार्ल्यात एका क्लासमध्ये गणित शिकवायची. क्लासची पत्रकं छापायला ती आली तेव्हा सुयोग तिला काहीतरी म्हणाला. मालक पुढे झाले.

"एक मिनिट," ती त्यांना म्हणाली आणि सुयोगकडे वळली. "मला कळलं नाही. परत सांगाल?"

त्याला आणखी दोनदा सांगावं लागलं. पत्रकावर क्लासचा फोन नंबरच नव्हता, असं तो सांगत होता. ती हसली. मालक आत निघून गेले.

त्यानंतर ती कामासाठी येत राहिली, आणि पुढे काम नसतानाही. सुयोग परक्यासमोर चहा घ्यायचा नाही, कारण कप हातात हलायचा. एकदा त्याने तिच्यासमोर घेतला आणि तो टेबलावर सांडला. तिने कागद बाजूला सरकवले आणि चालू होतं ते बोलणं पुढे चालू ठेवलं.

वर्षभराने एका दुपारी ती म्हणाली, "लग्नाचं काय?"

"कुणाच्या?"

"आपल्या रे."

सुयोगने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "तुला माझं सगळं करावं लागेल."

"सगळं म्हणजे काय?"

त्याने विचार केला. "शर्टाची बटणं आई लावते."

"टी-शर्ट घाल," शीतल म्हणाली. "आणि मला काय झेपेल ते माझं मी बघेन. तुला काय हवंय ते सांग."

तिच्याशी लग्न करायचंय, हे त्याने सांगितलं. ते तिला पहिल्याच वेळी कळलं.

घरी त्याने रात्री जेवताना विषय काढला. मुलगी शिकलेली आहे, कमावते, हे ऐकून आईने वाढता वाढता हात थांबवला.

"तिच्यात काय कमी आहे?" तिने विचारलं.

"काही नाही."

"काहीतरी असेल रे. उगाच कोण..." आईने वाक्य अर्धवट सोडलं.

निलेशने मान खाली घातली. सुयोगला राग आला की त्याचं बोलणं आणखी अडकायचं. आज त्याने घाई केली नाही. "मी चांगला माणूस आहे," तो एकेक शब्द सुटा करत म्हणाला. "कामही चांगलं करतो. म्हणून तिला आवडलो. एवढं कारण पुरत नाही का, आई?"

आईने थांबलेला हात पुढे करून त्याला वाढलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "जेवायला कधी बोलवायचं तिला?"

शीतलच्या घरी सोपं गेलं नाही. तिचे वडील धोंडिराम यांनी सुयोगचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "मुलगा वाईट नाही, पण मला हे पटत नाही." नंतर बरेच महिने ते शीतलशी कामापुरतंच बोलले. शीतलने त्यांचं मन वळवायचा प्रयत्न केला नाही आणि लग्नाचा विचारही बदलला नाही.

लग्न रजिस्टर पद्धतीने झालं. शीतलची आई चंपा आली, वडील आले नाहीत. सही करायच्या वेळी तिथल्या कारकुनाने अंगठ्यासाठी शाईचा पॅड सुयोगपुढे सरकवला. सुयोगने पेन मागून घेतलं. मागे थांबलेली दोन जोडपी चुळबुळ करू लागली. सही चौकटीच्या बाहेर गेली.

"चालेल," कारकून म्हणाला.

आता ते दोघं दिंडोशीला भाड्याच्या घरात राहतात. धोंडिराम अजून त्यांच्याकडे आलेले नाहीत. चंपा येते, तेव्हा धोंडिरामांनी दिलेली भाजी घेऊन येते.