साठ पौंडांचा गुलाब

लाकूडकामातले उस्ताद म्हणून सगळे ज्यांना उस्ता म्हणत, त्या हिलमींच्या दुकानात पटाश्या सव्वीस होत्या: चौदा गोल, सात सपाट आणि पाच वाकड्या तोंडाच्या. लाकडी मोगऱ्या तीन. खुर्च्यांचे सुटे पाय एकोणीस, शिवाय आणखी तीन पाय सुतळीने बांधून केलेली तिवई एक. तिवईवर फोन होता. फोनच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणारे पण रोज मोजले जाणारे, चॅनलचे सदस्य एक्केचाळीस हजार तीनशे सहा. आणि या सगळ्यांच्या कृपेने मागच्या महिन्यात जाहिरातींचे आलेले पैसे पाचशे साठ पौंड.

ही मोजणी हिलमींच्या मुलीची, नेहालची. मन्सूराच्या विद्यापीठातून ती भौतिकशास्त्र शिकून आली होती आणि एखादी गोष्ट मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. दारामागच्या खिळ्यावर एक करडा एप्रन लटकत होता, तोही तिने मोजला होता. तो मात्र एकच होता, आणि तोच जास्त होता.

एप्रन दुमयात शहराबाहेरच्या नव्या कारखान्याचा. तिथे यंत्र बावीस मिनिटांत खुर्चीच्या चार पाठी कोरून काढत असे. चौतीस वर्षं हाताने गुलाब कोरलेल्या हिलमींनी यंत्राच्या गुलाबांवर पॉलिशपेपर फिरवायचा, महिना नऊ हजार. होय की नाही ते गुरुवारी दुपारी बारापर्यंत कळवायचं होतं.

"चॅनलने एका महिन्यात नऊ हजार दिले, तर एप्रन परत," हिलमी म्हणाले होते. "नाही दिले, तर निमूट अंगात घालीन. पण चित्रफितीत जाहिराती वाढवायच्या नाहीत. मी पटाशी उचलली की लोकांना साबण दिसतो, हे मला बघवत नाही."

म्हणून नेहालने जाहिराती सोडून बाकीचे मार्ग हाती घेतले. एका वेळी एकच, म्हणजे कशाचा परिणाम कशामुळे ते कळावं.

पहिला मार्ग भेटींचा. थेट प्रक्षेपण चालू असताना बघणारे पडद्यावर चित्रातला गुलाब, मुकुट, सिंह असं काहीबाही पाठवत आणि त्याचे थोडे पैसे मिळत. आस्यूतच्या एका माणसाने पहिल्याच दिवशी सिंह पाठवला. हिलमी पटाशी ठेवून उभे राहिले.

"अहो, ही कसली तसदी! पत्ता सांगा तुमचा."

"पत्ता कशाला, बाबा?" कॅमेऱ्यामागून नेहाल कुजबुजली.

"माणसाने सिंह पाठवलाय. त्याला रिकाम्या हाताने ठेवू?"

आस्यूतला मशब्बक या पाकातल्या मिठाईचा एक किलोचा डबा गेला. ते कळल्यावर आणखी आठ सिंह आले आणि आणखी आठ डबे गेले. भेटींचे आले तीनशे दहा, मिठाई आणि टपालाला गेले नऊशे पन्नास. हा मार्ग नेहालने बंद केला.

दुसरा मार्ग प्रायोजकाचा. लाकूड चिकटवायचा सरस बनवणाऱ्या एका कंपनीने डबा हातात धरून चार कौतुकाचे शब्द बोलण्याचे दोन हजार देऊ केले. हिलमींनी डबा धरला. "हा सरस चांगला आहे," ते म्हणाले, "घाई असेल तर. घाई नसेल, तर माझे वडील कातड्याचा सरस उकळायचे, तो कसा करायचा ते आता दाखवतो." पुढची अठरा मिनिटं त्यांनी ते दाखवलं. चित्रफीत सगळ्यात जास्त पाहिली गेली. कंपनीने दोन हजार दिले नाहीत. डबा मात्र परत मागितला नाही.

तिसरा मार्ग नेहालला पक्का वाटत होता. वडिलांच्या नक्षीचे खाके तिने स्वच्छ रेघांत उतरवले. कोणीही फोनवरून पैसे भरावेत, खाका उतरवून घ्यावा, कागदावर छापावा, लाकडावर चिकटवावा आणि कोरायला बसावं. किंमत साठ पौंड. मंगळवारी दुपारच्या नमाजानंतर प्रक्षेपणात ते जाहीर करायचं ठरलं.

"आज आकडा सांगायचा, बाबा. फक्त साठ म्हणायचं."

"साठ," हिलमींनी म्हणून पाहिलं. "जमतंय की."

प्रक्षेपण सुरू झालं. पहिल्याच मिनिटाला कैरोच्या एकाने खोडी काढली: "उस्ता, दुमयातला पाहुण्याला विचारतात म्हणे, जेवणार की हलक्या पोटी झोपणार?" दुमयातच्या माणसाला चिक्कू म्हणून चिडवायला अख्ख्या देशाला आवडतं, आणि हिलमींच्या तोंडाचा रंग बदलायला तेवढं पुरे असतं. त्याच क्षणी तंताच्या एका सुताराने विचारलं, "गुलाबाचा खाका केवढ्याला, उस्ता?"

"राहू द्या हो!" हिलमी गरजले. "तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे!"

"असं कसं, उस्ता? सांगा ना," दुसऱ्याने लिहिलं.

"राहू द्या म्हटलं ना. दुकान तुमचंच आहे."

पन्नास मिनिटं हेच चाललं. शेवटी नेहालने मोजलं, तेव्हा सहाशे चाळीस जणांनी किंमत विचारली होती, सहाशे चाळीस वेळा "राहू द्या" झालं होतं, आणि विकलेले खाके होते शून्य. ओरानचा एक जण तर ते खरंच मानून, "देव तुमचं भलं करो" म्हणून निरोप घेऊन निघूनही गेला होता.

संध्याकाळी आई, इन्शिराह, बोटाएवढ्या, भात भरलेल्या कोबीच्या गुंडाळ्या पातेल्यात रचत होती. नेहालने तिला सगळं सांगितलं.

"आई, फुकट देतात बाबा. हात जोडून फुकट देतात."

"कोण फुकट देतंय?" आईने मान वर केली नाही. "राहू द्या म्हणजे फुकट नव्हे. ते एकदा म्हणायचं असतं, दुसऱ्यांदा म्हणायचं असतं, आणि गिऱ्हाइकाने तिसऱ्यांदा विचारलं की आकडा सांगायचा असतो. तुझा बाप तीस वर्षं तसंच विकत आलाय. तिसऱ्यांदा विचारलं कोणी?"

नेहालने फोन काढला आणि सगळे प्रश्न नावानिशी चाळले. अर्धा तास गेला.

"कोणीच नाही," ती म्हणाली. "सहाशे चाळीस निरनिराळी माणसं. प्रत्येकाने एकदाच विचारलं. म्हणजे बाबांनी सहाशे चाळीस वेळा पहिला नकार दिला. तिसऱ्यापर्यंत कोणी पोचलंच नाही!"

"मग पोचायला नको? सहाशे चाळीस लोक दारात उभे आणि आत एकही शिरत नाही." आईने पातेल्यावर बशी पालथी घातली. "उद्या मी जाते."

"तू? तू तर घरची."

"उद्या दुपारी मी गिऱ्हाईक. पर्स घेऊन येते."

बुधवारी प्रक्षेपण सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. इन्शिराहबाई बाहेरच्या चपला घालून, पर्स काखेला लावून कॅमेऱ्यासमोर आल्या.

"अगं, तू काय करतेस इथे?" हिलमी दचकले.

"मी गिऱ्हाईक आहे, उस्ता. हा गुलाबाचा खाका केवढ्याला?"

हिलमींनी एकदा बायकोकडे आणि एकदा मुलीकडे पाहिलं. मग सवय जिंकली. "राहू द्या, बाईसाहेब. दुकान तुमचंच आहे."

"ते मला ठाऊक आहे. केवढ्याला?"

"तुमच्याकडून कसले पैसे? शक्यच नाही."

"देवाशपथ, किंमत सांगितल्याशिवाय मी हलायची नाही. आणि मी नाही हलले, तर घरी चूलही नाही पेटायची. केवढ्याला?"

पडद्यावर हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. हिलमींनी मोगरी खाली ठेवली, घसा खाकरला आणि फरशीकडे बघत म्हणाले, "साठ."

कॅमेऱ्यामागे नेहालने श्वास सोडला. इतक्यात आईने पर्स मिटली.

"साठ? एका कागदाचे? चाळीस देते."

नेहालने दोन्ही हात हलवले. हे ठरलं नव्हतं. पण बाजारात बावीस वर्षं घासाघीस केलेल्या बाईच्या कानावर आकडा पडला, की पुढचं तिच्या हातात राहत नाही.

हिलमींची मान वर आली. "चाळीस? चाळीसला भुसा मिळतो. पलीकडच्या गल्लीत जा, पोतं भरून देतील."

"कागदच तर आहे, उस्ता."

"कागद? ही पाकळी बघ. इथे रेघ दीड मिलिमीटर आत वळते. का वळते? सरळ ठेवली, तर बीच झाडाच्या लाकडाला इथेच चीर जाते. मी नऊ पाठी फोडल्या, तेव्हा मला हे कळलं. नऊ! त्यातल्या दोन गिऱ्हाइकाच्या होत्या. या देठापाशी पटाशी उलटी धरायची, ती खूणसुद्धा खाक्यावर आहे. असा माझा हात चौतीस वर्षांनी बसला, आणि तू एका दुपारात घेऊन जाणार चाळीसला?"

"पंचेचाळीस."

"साठ."

"पन्नास, आणि आयुष्यभर दुवा देईन."

"दुवा फुकट घेतो. खाका साठ."

ज्या माणसाला किंमत सांगता येत नव्हती, तो ती सोडायलाही तयार नव्हता. हे नेहालने आधी कधी पाहिलं नव्हतं. बघणाऱ्यांमध्ये दोन तट पडले. तंताच्या सुताराने लिहिलं, "साठ कमीच आहेत, बाई." कैरोच्या खोडकराने लिहिलं, "दुमयातचा माणूस स्वतःच्या बायकोलाही सूट देत नाही!" त्यावर हिलमी थेट कॅमेऱ्यात बघून म्हणाले, "तुलाही नाही देणार. साठ."

इन्शिराहबाईंनी सुस्कारा टाकला, फोन काढला आणि स्वतःच्या खात्यातून साठ पौंड भरले. नेहालच्या हातातला फोन एकदा वाजला. सात सेकंदांनी पुन्हा वाजला. ते आस्यूतच्या सिंहवाल्याचे साठ होते. त्यानंतर आवाज इतका वाढला की तिने तो बंदच केला, आणि हिलमी पाकळीची वळणं समजावण्यात इतके गुंतले की प्रक्षेपण दीड तास लांबलं.

गुरुवारी दुपारी बारा वाजता नेहालने मोजणी थांबवली. विकले गेलेले खाके एकशे अठ्ठावन्न, पैकी एक आईचा. किंमत प्रत्येकी साठ. जमा नऊ हजार चारशे ऐंशी पौंड. आणि दारामागच्या खिळ्यावर एप्रन शून्य.