दुसरी गोळी

"ताई, बुधवार सकाळची राहिली," कडकरावाचा मेहुणा म्हणाला, आणि कडकरावाच्या बायकोने लगेच पुढे होऊन गोळ्यांच्या डबीतला तो खण भरला. डबी निळी, प्लास्टिकची, आठवड्याभराच्या खणांची. जेवणाच्या टेबलावर बहीणभाऊ डोक्याला डोकं लावून असे बसले होते, जसे काही दागिनेच पारखतायत.

पडद्याच्या फटीतून कडकरावाने हे पाहिलं आणि हातातली इस्त्री जरा आदळूनच ठेवली.

कडकराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो इस्त्रीवाला. कॉलरला खळ अशी द्यायचा की मान वळवायची तर अख्ख्या माणसानेच वळावं. त्यावरून गल्लीने हे नाव पाडलं आणि पुढे स्वभावालाही ते लागू पडतंय हे लक्षात आल्यावर कायम केलं. पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये एक पडदा. तो टेबलाशी उभा राहून इस्त्री करायचा, बायको काउंटरवर बसून कपडे घ्यायची, आतल्या शिवणीवर शाईने खूण करायची आणि तयार कपड्यांच्या घड्या कागदात बांधायची. मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी आपापल्या परीने केलं आणि मग एकमेकांनाच सांभाळायला लागले. खरं सांगायचं तर ती सांभाळायची आणि हा सांभाळून घ्यायचा.

कडकरावाला साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या होत्या. एक छोटी, जेवणाच्या आधीची, आणि एक मोठी, जेवणानंतरची. छोटीबद्दल डॉक्टरांनी बजावलं होतं की ती पोटात गेली की पाठोपाठ जेवण गेलंच पाहिजे. हे त्याने ऐकलं, पण लक्षात ठेवलं ते बायकोने. जेवायच्या वेळी ती पडद्याआडून यायची, पाकिटातून गोळी काढायची आणि त्याच्या तळहातावर ठेवायची. "घ्या," म्हणायची. तो पाण्याबरोबर गिळेपर्यंत समोर उभी राहायची आणि मग ताट वाढायला वळायची. गोळीचं नाव त्याला कधी पाठ झालं नाही. करायचंय काय पाठ करून? त्याच्या लेखी औषध म्हणजे तिचा हात होता.

आणि मग मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेला, शाळेत पोचवलेला, लग्न लावून दिलेला. छापखान्यातून निवृत्त झाला आणि पाठोपाठ त्याची बायको गेली. "चार दिवस ताईकडे येऊन राहा," असं सगळ्यांनीच म्हटलं, आणि सगळ्यांत मोठ्याने कडकरावानेच म्हटलं होतं. आता ते चार दिवस संपायचं नाव घेत नव्हते.

मेहुण्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, तरी ती त्याला बाळ्या म्हणायची. त्यालाही साखर. त्यालाही गोळ्या. त्याचं अंडं ती सोलून द्यायची. पडद्यामागे दोघं हसायचे आणि हा आत गेला की हसणं थांबायचं. आपल्याला हसत नव्हते हे त्याला ठाऊक होतं. मग थांबलात कशाला, हा त्याचा प्रश्न होता. गेल्या महिन्यात दोघांचे रिपोर्ट एकाच दिवशी आले. दोघांचेही बरे होते. पण मेहुण्याचा तिने काउंटरवर आलेल्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवला आणि ह्याच्यावर नुसतं "बरं झालं" म्हणाली. तो रात्री कुशीवर वळून पडून राहिला. तिला वाटलं पाठ दुखतेय, म्हणून तिने तेल चोळून दिलं. तेवढ्यापुरतं त्याला बरं वाटलं.

डबी आली त्या दिवशी त्याने विचारलंच.

"त्याला डबी. आणि मला?"

"तुम्हाला मी आहे की," ती घडी घालता घालता म्हणाली.

संध्याकाळपर्यंत तो खुशीत होता. संध्याकाळी मेहुण्याने डबीचं झाकण उघडून तिला दाखवलं, "ताई, आजची घेतली बघ," आणि ती म्हणाली, "शहाणा माझा बाळ्या." झालं. खुशी तिथेच संपली.

मेहुण्याचे डोळे तपासायचे होते. साखरेच्या माणसाने वर्षातून एकदा तपासून घ्यावेत, म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती. तो एकटा जाऊ शकला असता. पण डोळ्यांत औषध घातलं की धूसर दिसतं, म्हणून ती बरोबर निघाली. सकाळपासून घरात लगबग. तिने ठेवणीतले कपडे काढले. आपल्या डोळ्यांच्या वेळी ती काउंटरवरचेच कपडे घालून आली होती, हे कडकरावाला नेमकं तेव्हाच आठवलं.

जेवणाची वेळ व्हायला आली. आत दोघं मेहुण्याची फाइल शोधत होते. कडकराव उठला, कपाटातून आपलं पाकीट काढलं, छोटी गोळी स्वतःच्या हाताने बाहेर काढली आणि गिळली. आपलं आपल्याला घेता येतं म्हटलं. पाण्याचा पेलाही त्याने दणकन ठेवला, म्हणजे तिला ऐकू जावं. तिला ऐकू गेलं नाही. फाइल गादीखाली सापडली होती आणि दोघं त्यावर हसत होते.

तो पुन्हा इस्त्रीला लागला. थोड्या वेळाने पडदा हलला. ती आली, घाईतच, केस सारखे करत. तिने पाकिटातून गोळी काढली आणि त्याच्यासमोर धरली.

"घ्या. ताट झाकून ठेवलंय, लगेच जेवा. आज मी समोर नाही म्हणून सांगतेय."

त्याने तिला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर ती "बरं" म्हणून गोळी परत ठेवून निघून गेली असती. तेच त्याला नको होतं. दिवसभरात ती पहिल्यांदाच केवळ त्याच्यासाठी आली होती. त्याने हात पुढे केला, तिने गोळी ठेवली, त्याने गिळली, आणि ती गिळेपर्यंत समोर उभी राहिली. त्या एवढ्याशा वेळात त्याला फार बरं वाटलं.

मग ती गेली. खिडकीतून त्याने पाहिलं, तर रस्ता ओलांडताना तिने भावाचा दंड धरला होता. अजून डोळ्यांत औषधसुद्धा पडलेलं नव्हतं आणि हिने दंड धरला.

तो आत गेला. टेबलावर ताट झाकलेलं होतं. भात होता, भाजी होती. झाकण उचलून त्याने परत ठेवलं. येऊन बघू दे तिला, झाकलेलं ताट तसंच.  नवरा उपाशी राहिला म्हणून तिने हळहळावं, दोनदा विचारावं, भाऊ टेबलावर ताटकळत बसलेला असताना ह्याच्यासाठी ताट गरम करावं, एवढाच त्याचा बेत होता. अन्नावर राग काढायची त्याची जुनीच सवय होती आणि ती आजवर कधी वाया गेली नव्हती.

सफेद शर्टांचा गठ्ठा होता. पहिले दोन झाले. तिसऱ्याला घाम फुटला. इस्त्रीवाल्याला घाम फुटतो, त्यात काय. त्याने फडक्याने कपाळ पुसलं. घाम गार होता, पण ते त्याच्या ध्यानात आलं नाही. छातीत धडधड व्हायला लागली. ती त्याने रागाच्या खात्यावर टाकली. राग तर होताच, सकाळपासून होता. हात थरथरायला लागला तेव्हा त्याला वाटलं, बघा, किती मनाला लावून घेतलंय मी, आणि तिला पत्ताही नाही.

बहीणभाऊ परत आले तेव्हा दुकानात जळका वास भरलेला होता. शर्टाच्या पाठीवर इस्त्री तशीच टेकलेली आणि कडकराव शेजारी उभा राहून कॉलरकडे बघत होता.

"अहो, शर्ट जळाला," तिने धावत जाऊन इस्त्री उचलली. "लक्ष कुठंय?"

"तुमचं झालं का फिरून?" तो म्हणाला. जीभ जड झाली होती.

"फिरून काय? डोळे तपासायला गेलो होतो. जेवलात का?"

"तुला काय करायचंय. तू जा. बाळ्याला सोलून दे."

ती चिडली. नेहमीचाच राग, असं तिलाही वाटलं. तिने जळका शर्ट उचलून उजेडात धरला आणि गिऱ्हाइकाला काय सांगायचं ह्या विचारात पडली. मेहुण्याला मात्र अजून नीट दिसत नव्हतं. दिसत नव्हतं म्हणून तो अंदाजाने जवळ आला, खांद्यावर हात ठेवायला गेला आणि तो हात चिंब ओला झाला.

"ताई, ह्यांचं अंग गार पडलंय. साखर आण. पाण्यात घालून आण, पटकन."

"साखर? अरे, त्यांना साखर कशी देऊ?"

"दे गं. साखर उतरलीय त्यांची. मला झालं होतं असं, तेव्हा तुझ्या भावजयीने दिली होती. आण लवकर."

पेला आला. मेहुण्याने तो त्याच्या तोंडाशी नेला. कडकरावाने तोंड फिरवलं.

"तुझ्या हातचं नको."

 मेहुण्याने पेला बहिणीच्या हातात दिला आणि स्वतः मागे सरकून भिंतीला टेकला. "तू दे, ताई."

तिने दिलं. तो घोटाघोटाने प्यायला. मेहुण्याने आतून त्याचं साखर मोजायचं यंत्र आणलं. आकडा त्याला दिसेना, म्हणून तिने दोनदा वाचला, फारच खाली होता. थोड्या वेळाने पुन्हा साखरपाणी, पुन्हा यंत्र. आकडा वर आला. मग तिने झाकलेलं ताट आणलं आणि मुकाट्याने समोर ठेवलं. ह्याला जशी हळहळ हवी होती तशी तिच्या चेहऱ्यावर नव्हती. तिथे नुसती भीती होती. तो खाली मान घालून जेवला.

"आता दवाखान्यात जायचं," मेहुणा म्हणाला.

"आता काय झालंय मला? बरा आहे."

"दाजी, चला."

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी नाडी बघितली, साखर बघितली आणि विचारलं, "छोट्या गोळ्या किती घेतल्या आज?"

"एक," बायको म्हणाली. "मीच हातावर ठेवली. जेवा म्हटलं होतं, पण जेवले नाहीत."

डॉक्टरबाई ह्याच्याकडे बघत होत्या. "एकच ना? नीट आठवून सांगा. एक असेल तर थोडा वेळ बसवते, पुन्हा खायला देते आणि साखर टिकली की घरी पाठवते. दोन असतील तर रात्रभर इथेच ठेवीन. ह्या गोळीचा परिणाम लवकर उतरत नाही. आत्ता बरं वाटेल आणि रात्री झोपेत साखर पुन्हा खाली जाईल. झोपेत कुणाला कळणार?"

कडकरावाने हिशेब केला. एक म्हटलं की सुटका होती. घरी जाता येईल आणि कुणाला काही कळणार नाही. दोन म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर ह्या वयात, बायकोसमोर आणि वर मेहुण्यासमोर द्यायचं. मेलो असतो तरी चाललं असतं, असं त्याला एकदा वाटून गेलं. मग बायको दिसली. ठेवणीतल्या कपड्यांवर साखरपाणी सांडलेलं, मुठीत त्याच्या गोळ्यांचं पाकीट, आणि त्यातल्या रिकाम्या खळग्यांकडे ती बघत होती.

"दोन," तो म्हणाला. "एक माझी मीच घेतली होती. आधी."

"मग मी दिली तेव्हा बोलला का नाहीत?" तिने विचारलं.

तो शर्टाच्या बटणाशी चाळा करत राहिला. मघाशी धूसर झालेलं बटण पुन्हा बटणासारखं दिसत होतं.

"तू देत होतीस ना," तो म्हणाला.

 मेहुण्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पाणी आणतो म्हणून बाहेर गेला.  ती कॉटच्या कडेला बसली आणि रडली. रडता रडता चांगलंच फैलावर घेतलं तिने त्याला, म्हातारपणी शोभतं का, मला विधवा करायची घाई झालीय का, आणि त्याने ते सगळं ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर त्याला ते गोडच लागलं. पहाटे साखर खरंच एकदा घसरली. पण तेव्हा सलाइनची बाटली लावलेली होती आणि नर्स जागी होती.

सोडताना डॉक्टरबाईंनी छोट्या गोळीचा डोस कमी केला आणि नियम घालून दिला. एकाच हाताने गोळी जायची. एकतर बायको देईल आणि हे स्वतः पाकिटाला हात लावणार नाहीत, नाहीतर हे स्वतः घेतील आणि ती देणार नाही. चुकलीच कधी, तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. आणि जेवण समोर आल्याशिवाय गोळी तोंडात नाही.

"ते स्वतः घेतील," बायको म्हणाली. विचार न करता, लगेच. "माझ्याच्याने आता त्यांच्या हातावर गोळी ठेववणार नाही."

कडकरावाने गोळ्यांचं पाकीट खिशात घातलं. जे जाऊ नये म्हणून एवढं केलं, नेमकं तेच गेलं होतं, आणि ते आता कुणाकडून मागून घेण्यासारखंही नव्हतं.

मेहुणा पुढच्याच आठवड्यात राहायला वेगळी खोली बघायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहूनच. कडकरावाने एकदा बघू दिलं, दोनदा बघू दिलं, आणि तिसऱ्यांदा तो चपला घालत असताना म्हणाला, "बस खाली. एकट्याला बरं वाटेनासं झालं तर बघणार कोण तुझ्याकडे?" एवढं बोलून तो वळला आणि कुणाच्या तरी पँटवर पाणी शिंपडायला लागला. मत्सर गेला असं काही नाही. ती भावाचं अंडं सोलते तेव्हा ह्याची इस्त्री अजूनही जरा आदळते.

आता जेवणाच्या वेळी तो इस्त्री बंद करतो, हात धुतो, वाढलेलं ताट समोर ओढून घेतो आणि आपल्या हाताने गोळी घेतो. घेतली की पडद्याकडे तोंड करून मोठ्याने सांगतो, "घेतली." काउंटरवर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांना त्याचं नवल वाटतं. पडद्यामागून उत्तर येतं, "जेवा मग." कधी ते तिचं असतं, कधी मेहुण्याचं. मेहुण्याचं आलं तरी तो मुकाट्याने जेवतो. तिचं आलं, तर घास तोंडात घालण्याआधी थोडा थांबतो, ती आणखी काही म्हणतेय का ते ऐकायला.