भाईंचा पेला

"आजी, रम किती घालू गो?"

मिक्सरच्या भांड्यात बर्फ, कोकम सिरप आणि लिंबू पडले होते. माझी नात प्राजक्ता गोव्यातल्या हॉटेलात असली थंड पेये करते. आज म्हाळाच्या, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाच्या, दिवशी तिने ती घरी करावीत, हा हुकूम माझा होता.

"भाईंच्या पेल्यात दुप्पट. एक पेलो बिनरमचो ठेव. बाकीच्यांका बेतान."

"भाईआजो तर थेंब घेणत नाय!"

"असा ते सांगतत."

बेचाळीस वर्षांपूर्वी शिरोड्यासमोरच्या समुद्रात आमची होडी उलटली. होडीत माझे यजमान होते आणि ती माझे धाकटे दीर, भाई, हाकत होते. ते पोहून आले. हे आले नाहीत. "दादा पिऊन होतो, तोल गेलो," असे भाईंनी किनाऱ्यावर सांगितले आणि गावाने मानले. ह्यांनी दारूच्या थेंबाला कधी शिवले नव्हते. भाईंच्या तोंडाला येणारा दारूचा वास फक्त मला आला. पण तेव्हा माझ्या पदरात मूल होते आणि डोक्यावर भाईंचे छप्पर. तेव्हापासून दर म्हाळाला भाई ह्यांच्या पानाशेजारी रमचा पेला ठेवतात. "दादाच्या आवडीची."

आज छप्पर माझे आहे.

पडवीत सगळ्यांच्या हाती पेले गेले. मी मोठ्याने म्हणाले, "भाई, तुमचो नुसतो कोकम हां."

भाईंनी घोट घेतला. ठसका नाही, तोंड वाकडे नाही. डोळे अर्धवट मिटून त्यांनी पेला रिकामा केला.

"फस्क्लास, वयनी! आणखी आसा?"

"कौस्तुभ," मी त्यांच्या मुलाला म्हटले, "बापाशीचो पेलो जरा हुंगून बघ."

कौस्तुभने पेला नाकाशी नेला आणि तसाच धरून राहिला.

"बाबानु, ही तर रम! तुमका कळला नाय?"

"पयल्या घोटाकच कळला त्यांका," मी म्हणाले. "आता सांगा भाई, त्या दिवशी होडीत कोण पिऊन होतो?"

भाईंची मान खाली गेली.

"माझी पोरा ल्हान होती, वयनी."

"माझो झील खंय मोठो होतो?"

भाईंनी पानासाठी आणलेला रमचा पेला मी उचलला आणि माडाच्या मुळाशी ओतला. मग बिनरमचा पेला माझ्या हाताने ह्यांच्या पानाशेजारी ठेवला.

बर्फ विरघळेपर्यंत मी तिथून हलले नाही.