चुकून पहिली

"ओरडू नकोस गं, अजून मी हातसुद्धा लावला नाहीये."

"लावणार आहेस ना? त्याचं आगाऊ ओरडून घेतेय."

डेसने हसू दाबलं आणि नोएलीनच्या टाचेवरची शीर दोन बोटांत धरली. मेंढ्यांची लोकर कातरण्यात त्याचा जन्म गेला होता. आता ऐंशीला टेकला तरी अंगठ्यात असा जोर, की धडधाकट माणसाला आई आठवावी. मैदानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मलमाचा उग्र वास कोंडला होता. सकाळीच उत्तरेकडून वाळवंटाचा तापलेला वारा सुटला होता, म्हणजे दुपारी टुलाबिन गावात कुत्रंही रस्त्यावर दिसणार नव्हतं.

"सुजलीय," डेस म्हणाला. "पण एवढा उन्हाळा काढेल."

"ती फिजिओ म्हणते, पळणं सोड, नाहीतर हिवाळ्यात काठी घेऊन चालशील."

"मग हिवाळ्यात चाल की काठी घेऊन. शर्यत मार्चात आहे, उन्हाळा संपता संपता."

असा हा तिचा प्रशिक्षक. दयामाया औषधालाही नाही. पण पळणाऱ्यांच्या पायांतलं त्याला जे कळायचं ते त्या फिजिओच्या यंत्रालाही कळत नसे, असं निदान तो स्वतः तरी म्हणायचा.

नोएलीन प्रुएट एक्कावन्न वर्षांची. गावच्या वृद्धाश्रमात स्वयंपाकीण. दिवसभर सिमेंटच्या फरशीवर उभं राहून बटाटे सोलायचे, म्हाताऱ्यांसाठी भाज्या मऊ शिजवायच्या, आणि उन्हं उतरली की मैदानावर यायचं. लग्न झाल्यापासून ती टुलाबिनच्या एक मैलाच्या शर्यतीत पळत होती. एकदा तिसरी आली होती, बाकी सगळी वर्षं गर्दीत. जिंकणारीच्या खांद्यावर निळा रेशमी पट्टा घालतात. तो तिला हवा होता. कशाला, म्हणाल तर सांगते. इतकी वर्षं लोक तिच्यासाठी टाळ्या वाजवत ते 'पोचली बिचारी' म्हणून. तिला एकदा तरी जिंकल्याच्या टाळ्या ऐकायच्या होत्या. आणि टाच अशी बोलायला लागल्यावर पुढचा उन्हाळा मिळणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आता या शर्यतींची रीत अशी, की जी तेज तिला मागे उभी करायची आणि जी मंद तिला पुढे. प्रत्येकीची निघायची रेघ वेगळी. बंदूक वाजली की सगळ्या एकदम सुटतात, आणि हिशेब बरोबर जमला तर सगळ्या एकदम पोचायला हव्यात. रेघ कोणाला कुठे द्यायची हे ठरवतो मर्व्ह टल्क, पांढऱ्या टोपीवाला, उन्हाळाभर गावोगावच्या छोट्या शर्यती बघत हिंडणारा. म्हणजे मोठ्या शर्यतीत पुढची रेघ हवी असेल तर छोट्या शर्यतींत मर्व्हच्या डोळ्यांत भरायचं नाही. सगळे हेच करतात. करतात आणि कोणी कबूल करत नाही.

डेसचं गणित दोन उन्हाळ्यांचं होतं. "पहिल्या तिघींत यायचं नाही आणि शेवटचीही यायचं नाही, मर्व्हला लगेच वास येतो. मुद्दाम हळू पळू नकोस, ते पाप आहे. त्या दिवशी सकाळीच दमून घे. नवऱ्याचे जड बूट घालून कालव्याच्या रस्त्यावर ऊर फुटेपर्यंत पळ. मग दुपारी तू जे पळशील ते प्रामाणिकच असेल."

आणि हे गणित जमत आलं होतं हो. नोएलीनला अडीचशे मीटर पुढची रेघ मिळाली होती. डेस कधी नव्हे तो शीळ घालत हिंडत होता.

मग आला गोरानूक गावच्या छोट्या शर्यतीचा रविवार. त्या दिवशी सकाळी नोएलीन पलंगावरून उतरली ती खुर्ची धरूनच. टाच जमिनीला टेकू देईना. जड बूट घालून पळायचं सोडाच, ती बर्फाच्या बादलीत पाय घालून बसून राहिली आणि डेसला फोनवर म्हणाली, "पळाले, पळाले. जीव गेलाय नुसता." खोटं बोलली. खरं सांगितलं असतं तर त्याने शर्यतीलाच जाऊ दिलं नसतं.

दुपारी गोरानूकच्या मैदानावर ऊन असं, की टोपीखाली मेंदू शिजावा. माशा ओठांवर बसत होत्या. नोएलीन मानेवर बर्फाचा रुमाल बांधून रेघेवर उभी राहिली. बंदूक वाजली. पहिली फेरी ठीक. दुसऱ्या फेरीत एक मुलगी पाण्याच्या टाकीकडे वळली ती तिथेच बसली. तिसऱ्या फेरीत नोएलीनच्या लक्षात आलं की टाच दुखत नाहीये. मुळीच नाही. पाय मोकळे, श्वास मोकळा. सकाळपासून विश्रांतीच झाली होती ना.

पुढे चौघी-पाचजणी होत्या आणि त्यांचं वेगळंच चाललं होतं. बेकरीतली ग्लेनिस हाउप्ट सगळ्यांत पुढे, पण ती मागे बघत होती, कोणी पुढे जातंय का म्हणून. तिच्या मागचीही तसंच. पंगतीत शेवटचा लाडू 'तुम्ही घ्या, तुम्ही घ्या' करत फिरतो, तशी ती शर्यत फिरत होती. जिंकायचं कोणालाच नव्हतं. नोएलीनने सगळं पाहिलं, तिला सगळं समजलं, आणि तरीही तिचे पाय थांबेनात. तरुणपणी शाळेतून घरी पळत यायची तसं झालं तिला. एकीला टाकलं, दुसरीला टाकलं, ग्लेनिसच्या बाजूने गेली तेव्हा ग्लेनिस चक्क म्हणाली, "अगं वेडे, कुठं चाललीस?"

ती पहिली आली. चुकून. इनाम म्हणून गोरानूकच्या खाटकाने मेंढीची एक मांडी दिली, ती हातात धरून ती उभी होती आणि तिला हसू आवरत नव्हतं.

मर्व्ह टल्क जवळ आला. "नोएलीन, इतकी वर्षं ही चाल कुठे लपवून ठेवली होतीस?"

"मलाही आत्ताच सापडली," ती म्हणाली. आणि हे अगदी खरं होतं.

कुंपणाला टेकून डेस उभा होता. त्याने आधी मेंढीच्या मांडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"सकाळी पळाली नाहीस."

"टाच दुखत होती, डेस."

"दोन वर्षं, नोएलीन." त्याचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "मांडी चांगली आहे. भाजून खा. पट्टा विसर." आणि तो आपल्या गाडीकडे चालू लागला.

मर्व्हने तिची रेघ पुरी शंभर मीटर मागे नेली. डेस शेडमध्ये यायचा बंद झाला. नोएलीन दोन दिवस रडली, हे खरं आहे, ते कशाला लपवू? तिसऱ्या दिवशी तिचा नवरा केल्विन म्हणाला, "आता तुझं लपवण्यासारखं राहिलंय काय? जशी पळायचीय तशी पळ की."

हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. दोन उन्हाळे ती पळणं पोटात धरून पळत होती. आता धरायचं कशासाठी? फेब्रुवारीच्या त्या भाजून काढणाऱ्या दिवसांत ती एकटीच मैदानावर यायची. गवत पिवळं पडून पायाखाली करकरत असे. ती स्वतःच टाच चोळायची, स्वतःच ओरडायची, पट्टी गुंडाळायची आणि सुटायची. कधी मांडीची शीर धरायची, कधी पोटरीत गोळे यायचे. त्यातून उठून पुन्हा पळायची. रविवारच्या शर्यतीत जीव तोडून पळायची, चौथी यायची, दुसरी यायची, मर्व्ह तिला आणखी थोडी मागे ओढायचा आणि ती हसायची. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्या विचारायच्या, "नोएलीन, तुला लॉटरी लागलीय का गं?"

टुलाबिनच्या शर्यतीच्या संध्याकाळी अख्खा गाव कुंपणाला लागला होता. नोएलीनची रेघ इतकी मागे, की पुढच्या बायकांच्या नुसत्या पाठी दिसत होत्या. ग्लेनिस हाउप्ट शंभर मीटर पुढे उभी होती, उन्हाळाभर जपून ठेवलेले ताजे पाय घेऊन.

बंदूक वाजली. नोएलीन दोन फेऱ्या शांत राहिली. मग तिने एकेक पाठ धरायला सुरुवात केली. टाच बोलत होती, तिने ऐकलं नाही. तिसऱ्या फेरीत लोक ओरडायला लागले, आणि काय ओरडत होते तर तिचं नाव. कोणी पत्र्यावर हात आपटत होतं. शेवटच्या वळणावर तिच्यापुढे तिघी होत्या. मग दोघी. मग एकटी ग्लेनिस, आणि तीही आता मागे बघत नव्हती, मान खाली घालून जिवाच्या आकांताने पळत होती. नोएलीन तिच्या कमरेशी आली, खांद्याशी आली. दोघींचे श्वास एकमेकींत मिसळले. आणि शेवटची रेघ आली.

वीतभर. ग्लेनिस वीतभर पुढे होती.

त्याच क्षणी कोणीतरी मागून टाचेवर दगड मारल्यासारखं नोएलीनला वाटलं. तिने वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. ती हळूच गवतावर बसली. पाऊल तिचं ऐकत नव्हतं. टाचेवरची शीर तुटली, हे तिला कोणी सांगायची गरज पडली नाही.

तिकडे ग्लेनिसच्या खांद्यावर पट्टा घालत होते. केल्विन गाडी आणायला पळाला. गर्दीतून डेस आला आणि गुडघे धरत तिच्यासमोर गवतावर बसला.

"मी मिळवून दिलेल्या रेघेवरून निघाली असतीस तर चालत जिंकली असतीस," तो म्हणाला.

"माहितीये."

"चालत."

"चालत जिंकून काय केलं असतं रे, डेस? असं पळायला कधी मिळालं असतं मला?"

डेसने तिच्या बुटाची नाडी सोडायला घेतली. "तिसऱ्या फेरीत मी कुंपणावर चढलो होतो," तो खाली बघतच म्हणाला. "या वयात. पडलो असतो तर तुझ्या नावानं बोंब मारली असती."

ती हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने बूट असा काढला, की तिला कळलंही नाही. मग दुसराही काढला. दोन्हींच्या नाड्या एकत्र बांधून त्याने ते आपल्या खांद्यावर टाकले, केल्विनने आणि त्याने तिला दोन्ही बाजूंनी धरलं, आणि ती अनवाणी, एका पायावर, मैदानाबाहेर निघाली. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली.

गाडीत बसल्यावर तिने काच खाली केली. डेस बूट घेऊन तसाच उभा होता. ते तिने मागितले नाहीत, आणि त्यानेही दिले नाहीत.