चढावरचा गुरुवार

टेस्टरचं खरं नाव त्याच्या बायकोनेही लग्नाच्या कागदावरच काय ते वाचलं असेल. शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर अडकवलेला, अगदी दुसऱ्यांच्या लग्नातसुद्धा, म्हणून सगळे त्याला टेस्टरच म्हणायचे. घरोघर जाऊन वॉशिंग मशीन, गीझर, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायच्या हा त्याचा धंदा. त्यासाठी एक जुनी व्हॅन होती आणि तिला पेट्रोल कितीही पाजा, पोट भरत नसे.

पेट्रोलचे भाव पहिल्यांदा वाढले तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. दुसऱ्यांदा वाढले तेव्हा पंपावरच्या माणसाशी हुज्जत घातली. तिसऱ्यांदा वाढले तेव्हा त्याने डोकं चालवायचं ठरवलं. बायकोच्या मते खरी पंचाईत तिथून सुरू झाली.

पहिली युक्ती वजनाची. व्हॅन हलकी तर खर्च कमी, असं म्हणून त्याने अर्धी अवजारं उतरवून घरी पलंगाखाली सरकवली. दुसऱ्याच दिवशी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका गीझरचा नट असा रुसून बसला, की घरी ठेवलेल्या मोठ्या पान्याशिवाय हलायला तयार नाही. टेस्टर पाना आणायला घरी आला, परत गेला. एका फेरीच्या दोन झाल्या.

"वजनच कमी करायचं होतं, तर चालवणाऱ्याचं करायचं," बायको म्हणाली.

दुसरी युक्ती फोनची. घरी बसूनच मशीनचा आवाज ऐकायचा, बिघाड ओळखायचा आणि मगच जायचं की नाही ते ठरवायचं. कान त्याचा खरोखरच तयार होता. पण एका गिऱ्हाइकाला तो म्हणाला, "फोन जरा ड्रमच्या जवळ न्या. अजून जवळ. अजून थोडा आत." पुढचं त्याला फक्त 'डुबुक' असं ऐकू आलं. मशीनमध्ये बिघाड काहीच नव्हता, ते फोनसकट व्यवस्थित फिरलं. त्या गिऱ्हाइकाने नंतर शेजाऱ्याच्या फोनवरून जे ऐकवलं, ते टेस्टरने बायकोलाही सांगितलं नाही.

अशा दिवसांत चढावरच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. बाई शहराच्या वरच्या अंगाला, उभ्या चढाच्या टोकाशी एका चार मजली इमारतीत राहायच्या. शाळेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती, पण समोरचा माणूस चौथीत आहे असं समजूनच त्या बोलायच्या. टेस्टर तर खरोखरच त्यांच्या हाताखाली चौथीत होता.

"इस्त्री तापत नाही. कधी येतोस?"

"बघतो बाई. या आठवड्यात जरा..."

"जरा काय? खरं सांग."

बाईंपुढे खोटं बोलणं त्याला तेव्हाही जमलं नव्हतं. "बाई, तुमचा चढ चढायला गाडी इतकं पेट्रोल खाते, की तुमच्या इस्त्रीपेक्षा माझंच डोकं जास्त तापतं."

टेस्टरला वाटलं, आता अंगठे धरून उभं राहायला सांगतात.

"मग एका इस्त्रीसाठी कशाला येतोस? गुरुवारी सकाळी दहाला ये. बाकीचं मी बघते. आणि दहा म्हणजे दहा."

गुरुवारी धापा टाकणारी व्हॅन घेऊन टेस्टर वर पोचला आणि बघतच राहिला. इमारतीच्या खालच्या मोकळ्या जागेत बाकडी मांडलेली, आणि त्यांवर अख्ख्या टेकडीवरचे आजारी पंखे, मिक्सर, इस्त्र्या, हीटर ओळीने बसलेले. प्रत्येकाच्या पाठीवर खडूने नंबर. बाई हातात वही घेऊन हजेरी घेत होत्या.

"नंबर चार, पंखा. तक्रार काय?"

"फिरतो, पण वारा येत नाही," पंख्याचे मालक म्हणाले.

"पाती उलटी बसवलीत तुम्ही. पुढचा!" बाईंनी टेस्टरला विचारलंसुद्धा नाही. त्याने पात्यांकडे पाहिलं तर बाईंचं बरोबर होतं.

टेस्टरला मात्र हे सगळं सोपं गेलं नाही. इतकी वर्षं तो लोकांच्या स्वयंपाकघरात एकटा काम करायचा, मालकीणबाई पाण्याचा ग्लास ठेवून निघून जायची. इथे त्याच्या मानेवर बारा माणसांचे श्वास. कुणी स्क्रू धरतोय, कुणी सल्ला देतोय, कुणी आपल्या मेव्हण्याने असाच हीटर कसा जाळला ते रंगवून सांगतोय. तरी तीनपर्यंत त्याने सतरा नग हातावेगळे केले. पेट्रोल एका फेरीचं. उतरताना तो चक्क गुणगुणत होता.

त्या सतरांत दोन मिक्सर होते, अगदी जुळे. एकाच कंपनीचे, एकाच पांढऱ्या रंगाचे. एक पहिल्या मजल्यावरच्या कॅशियरसाहेबांचा, दुसरा त्यांच्या बरोब्बर वर राहणाऱ्या शिवणकामवाल्या काकूंचा. या दोघांत सहा वर्षं अबोला होता. काकूंच्या कुंड्यांचं पाणी साहेबांच्या वाळत घातलेल्या शर्टांवर ठिबकलं, एवढंच कारण. जिन्यात समोर आले, की दोघंही भिंतीकडे बघत.

शुक्रवारी सकाळी साहेबांचा फोन आला. "टेस्टर, कमाल केलीस! काय ताकद आलीये मिक्सरला! मोटर नवी टाकलीस का?"

टेस्टर खूश झाला. पण साहेबांच्या मिक्सरचं त्याने भांड्याखालचं फक्त रबरी कपलर बदललं होतं. त्याने ताकद कशी येणार? तासाभराने काकूंचा फोन आला. "भाऊ, आवाज किती कमी झाला हो! पूर्वी बोलणंसुद्धा ऐकू यायचं नाही."

काकूंच्या मिक्सरमध्ये त्याने मोटरचे ब्रश बदलले होते. म्हणजे ताकद काकूंच्या मिक्सरला यायला हवी होती. दोन्ही मिक्सरची अदलाबदल झाली होती. काम झाल्यावर बाईंनी सगळे नग ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून ज्याचे त्याला दिले होते. फडक्याबरोबर खडूचे नंबरही गेले होते.

"गप्प बस," बायको म्हणाली. "दोघंही खूश आहेत. मुद्दाम पेट्रोल जाळून वर जाशील आणि भांडण लावून येशील."

हिशोबाने तिचं खरं होतं. पण दिवसभर त्याचं कामात लक्ष लागेना. लोक आपल्या भरवशावर वस्तू हातात देतात, आणि आपण दुसऱ्याचीच त्यांच्या गळ्यात मारली, हे त्याला खात राहिलं. शनिवारी सकाळी त्याने व्हॅन काढली आणि चढ चढला, एका पैशाचंही काम नसताना.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "चूक फडक्याची, म्हणजे माझी," त्या म्हणाल्या आणि दोघांना मिक्सरसकट खाली बोलावलं. दोघं आले, भिंतीकडे बघत उभे राहिले.

"हा माझा?" काकूंनी साहेबांच्या हातातल्या मिक्सरकडे बोट दाखवून टेस्टरला विचारलं.

"हो काकू. तो तुमचा, हा साहेबांचा. माझ्याकडून चूक झाली. आता बदलून घ्या."

साहेबांनी मिक्सर छातीशी घट्ट धरला. "मी देणार नाही. इतकं बारीक मला जन्मात मिळालं नव्हतं."

"नका देऊ!" काकू थेट साहेबांकडे वळल्या. "मला तरी कुठे हवाय? सहा वर्षं त्याने माझे कान किटवलेत. तुमचा बघा कसा शहाण्यासारखा चालतो."

"शहाणा? अहो, साधी चटणी वाटायला अर्धा तास लावायचा!"

"मला नाही लागत अर्धा तास. आधी पाणी घालायचं थोडं. तुम्ही कोरडंच फिरवत असणार."

साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. "पाणी आधी घालायचं?"

"मग! आणि भांडं काठोकाठ भरायचं नाही."

टेस्टरने बाईंकडे पाहिलं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. पुढची दहा मिनिटं दोघं मिक्सरवर तावातावाने बोलत होते. मग मिक्सरवरून गाडी शर्टांवर आली, शर्टांवरून कुंड्यांवर. आवाज चढले. वरच्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघडल्या. शेवटी काकू फणकारल्या, "सहा वर्षांपूर्वी सांगितलं असतंत, तर कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्या नसत्या का मी?"

"सांगायला आलो होतो. तुमचा मिक्सर चालू होता," साहेब म्हणाले. "बेल कुठे ऐकू गेली तुम्हाला?"

काकूंना हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. साहेबही ओशाळं हसले. दोघं आपापला, म्हणजे एकमेकांचा मिक्सर काखोटीला मारून जिना चढू लागले. काकू पाण्याचं प्रमाण समजावत होत्या आणि साहेब प्रत्येक पायरीवर मान डोलवत होते.

"बाई, मग आता वहीत काय लिहायचं?" टेस्टरने विचारलं.

"लिहितेय मी. तू पुढच्या गुरुवारी दहाला ये. मागच्या इमारतीतल्यांनी पाच मशीन काढून ठेवलीत." बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "आणि या वेळी रंगाचा डबा घेऊन ये. खडू नको."