बाटलेला कापूस

माझं तोंड म्हणजे तोफखाना, असं अख्खं गाव म्हणायचं, नि ते खोटं नव्हतं. आम्ही नवराबायकोनं ख्रिस्ताचं नाव घेतलं तेव्हा पादरीबाबा मला म्हणाले, बोलण्याआधी बघ, शब्द कुणाच्या अंगावर पडतो. मी मनात म्हटलं, हे जरा आमच्या पाटलिणीलाही सांगा की. आवरायचं ते नेहमी आम्हीच का?

त्या साली दूरदेशी लढाई जुंपली नि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खुशालराव पाटलाच्या वावरात मी दिवसभर वेचणी केली. संध्याकाळी वेचणारीला तिचा वाटा कापसातच मिळतो, ही जुनी रीत. माझी पाळी आली नि पाटलाची बायको गोदाबाई सगळ्या बायांसमोर म्हणाली, "बाटलेल्या हाताले आमच्या घरचा वाटा नाई."

मी वेचलेला कापूस मात्र केव्हाच बैलबंडीत भरून झाला होता. हात बाटलेला नि कापूस सोवळा! माझ्या अंगाची नुसती आग झाली.

उत्तर तर जिभेवरच होतं. पावसाळ्यात तिच्या पार्वताला पटकी झाली, तेव्हा हीच बाई पोरीला घेऊन चोरून आमच्या झोपडीत आली होती. पादरीबाबांचं औषध मी माझ्याच गाडग्यातल्या पाण्यातून, माझ्याच हातानं पोरीला पाजलं. पोर जगली. पाटलाला याचा पत्ता नव्हता. मी एवढं बोलले असते तर गोदाबाईचं नाक कापलं गेलं असतं. पण पार्वताची सोयरीक ठरत आली होती. ती पोर बाटली म्हणून जन्माची घरात बसली असती.

गोदाबाई पांढरीफटक पडली होती. माझ्या ओठांवर काय आलंय, ते तिला कळलं होतं.

मी ते गिळलं. कडू लागलं, खोटं कशाला सांगू? मग बंडीपाशी उभ्या पाटलाकडे वळून हळूच म्हणाले, "मंग बंडी खाली करा, पाटील. माया हातचा कापूस सगळ्यात मिसळला हाये. बाटलेला माल अमरावतीले कसा धाडता?"

बाया पदराआड हसल्या. पाटील चरफडला, वाटा द्यायला सांगून बैलांकडे निघून गेला.

माझ्या पदराच्या ओटीत कापूस टाकताना गोदाबाई पुटपुटली, "ते काहून नाई बोलली?"

"पार्वतासाठी," मी म्हटलं. "तुमचा एकलीचा सवाल असता, तं आधी बोलली असती. प्रभूची माफी मंग मागतली असती."